ब्रिस्टलची गोदी: टॉर्पेडो बोटी आणि शर्यतीची शिडे

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात, नॅरगॅन्सेट उपसागराच्या काठी ब्रिस्टल हे छोटे गाव वसले आहे. 1878 साली जॉन आणि नॅथनियल हेरेशॉफ या दोघा भावांनी येथे भागीदारीत जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. थोरले जॉन किशोरवयातच पूर्ण अंध झाले होते. तरीही गिऱ्हाइकांशी बोलणी, मालाची खरेदी आणि किंमत ठरवणे हा सारा व्यवहार तेच पाहत. धाकटे नॅथनियल हे प्रॉव्हिडन्सच्या कॉर्लिस कंपनीत वाफेच्या इंजिनांवर काम केलेले अभियंता होते.

नव्या बोटीचा आकार कागदावर ठरत नसे. नॅथनियल लाकडाच्या ठोकळ्यातून बोटीच्या उभ्या अर्ध्या भागाची प्रतिकृती कोरत, तिच्यावरून हात फिरवून जॉन आकाराचा अंदाज घेत, आणि मग त्या प्रतिकृतीवरून उपकरणाने घेतलेली मापे मोठी करून फासळ्यांचे साचे बनवले जात. लहान बोटी या साच्यांवर पालथ्या बांधत, त्यामुळे फळ्या बसवणाऱ्या कारागिरांना वाकून राहावे लागत नसे.

कारखान्याची खरी शाळा म्हणजे वाफेच्या वेगवान बोटी. त्यांच्या घरातच विकसित झालेला वेटोळ्या नळीचा बॉयलर हलका होता आणि त्यात वाफ लवकर धरत असे. भागीदारीच्याही आधी, 1876 मध्ये, ब्रिस्टलमध्ये अमेरिकी नौदलासाठी ‘लाइटनिंग’ ही टॉर्पेडो बोट, म्हणजे शत्रूच्या जहाजावर पाण्याखालून स्फोटकाचा मारा करणारी छोटी, वेगवान बोट, बांधली गेली होती. 1885 मध्ये त्यांच्या ‘स्टिलेटो’ने हडसन नदीवर ‘मेरी पॉवेल’ या नावाजलेल्या वेगवान आगबोटीला मागे टाकले आणि पुढे नौदलाने ती विकत घेतली. 1890 मध्ये पाण्यात उतरलेली ‘कुशिंग’ ही पोलादी बोट तर नौदलाच्या टॉर्पेडो बोटींच्या यादीत पहिल्या क्रमांकाची ठरली.

वजन जिथे उपयोगाचे नाही तिथून ते काढून टाकायचे, ही टॉर्पेडो बोटींची शिस्त नॅथनियल यांनी शिडांच्या यॉटमध्ये आणली, आणि या गोदीचे मोठेपण मला त्यातच दिसते. 1893 पासून 1920 पर्यंत अमेरिका चषकाचे, म्हणजे यॉटच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीतील मानाच्या करंडकाचे, आव्हानवीरांना हरवून सलग सहा वेळा रक्षण करणाऱ्या पाचही यॉट त्यांनीच रचल्या आणि याच गोदीत बांधल्या. 1895 च्या ‘डिफेंडर’मध्ये हलकेपणाचा हा ध्यास टोकाला गेला: तळ कांस्याचा, वरची बाजू ॲल्युमिनियमची. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. चषक राखला गेला, पण काही वर्षांतच ती यॉट मोडीत निघाली. 1903 च्या ‘रिलायन्स’वर सुमारे 16,000 चौरस फुटांचे शीड होते आणि त्याचे दोर ताणण्यासाठी डेकखाली गियरचे विंच बसवले होते. इंजिनांमध्ये मुरलेल्या माणसालाच ते सुचावे!

1915 मध्ये जॉन यांचे निधन झाले, त्यानंतर गोदी परक्या हाती गेली आणि 1924 मध्ये हॅफेनरेफर कुटुंबाने ती घेतली. दुसऱ्या महायुद्धात येथे पुन्हा टॉर्पेडो बोटी आणि सुरुंग काढणारी जहाजे तयार झाली. युद्ध संपताच काम थांबले. मात्र नॅथनियल यांनी 1914 मध्ये मुलांना शीड हाकायला शिकता यावे म्हणून आखलेली, पाणरेषेवर साडेबारा फूट लांबीची छोटी बोट इतर कारखान्यांनी पुढेही बांधली, आणि न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर तिच्या शर्यती आजही होतात.