परतीचं रक्त

(नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

वह्या मिटा आणि बाह्या वर करा. शेजारच्यानं तुमच्या दंडाला टुर्निकेट, म्हणजे आवळायचा पट्टा, बांधायचं; फार आवळायचं नाही, मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. शिरा वर आल्या? त्यांतली एक लांब, सरळ शीर निवडा. तिच्यावर मनगटाकडच्या बाजूला एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे रक्त सारत न्या, मधली छोटी गाठ ओलांडा आणि हे दुसरं बोट उचला. बघा, गाठीच्या वर शीर भरलेली आहे, गाठीच्या खाली ती सपाटच राहिली. रक्त मागे येत नाही. आता खालचं बोट सोडा. भरली ना झर्रकन? ती गाठ म्हणजे झडप. टुर्निकेट सोडा लगेच. रक्ताचा नमुना घेतानाही ते मिनिटभरापेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि पेशंटला सारखी मूठ आवळायला लावायची नाही. पोटॅशियमचा आकडा उगाच वाढलेला येतो.

इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी 1628 साली आपल्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह छापला. या झडपांचं वर्णन इटलीतल्या पदुआतले त्यांचे गुरू फॅब्रिशियस यांनी आधीच केलं होतं, पण रक्ताचा लोंढा हातापायांत एकदम उतरू नये म्हणून त्या असतात, अशी त्यांची समजूत होती. झडप रक्ताला एकाच दिशेनं, हृदयाकडेच जाऊ देते, हे शिष्यानं ओळखलं. आणि मग हिशेब मांडला. आपण आजच्या आकड्यांनी मांडू. एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे जवळजवळ 5 लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच साधारण तेवढं असतं. अन्नापासून यकृत सतत नवं रक्त करतं आणि अवयव ते संपवून टाकतात, असं तेव्हा मानत. तासाला 300 लिटर रक्त कुठलं यकृत करणार? तेच रक्त फिरतंय, दुसरा मार्गच नाही. रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीतून, ते नीलेत, म्हणजे शिरेत, कसं जातं, हे मात्र हार्वेंना पाहायला मिळालं नाही. ते 1657 साली गेले. 1661 मध्ये इटलीतले शास्त्रज्ञ माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या, म्हणजे या दोहोंना जोडणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या, दाखवल्या. चार वर्षांनी चुकामूक झाली, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

आपण हृदय शिकवतो तेव्हा रक्त बाहेर ढकलणाऱ्या डाव्या जवनिकेचं (खालच्या कप्प्याचं), तिथून निघणाऱ्या महारोहिणीचं कौतुक फार करतो. परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही. पण हृदयाकडे जेवढं येईल तेवढंच ते पुढे पाठवणार. अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं. त्यांच्या भिंती पातळ, सैल. रक्त साठलं की त्या फुगतात. तुम्ही नुसते उभे राहिलात की घोट्याजवळच्या शिरेतला दाब 90 मिलिमीटरच्या आसपास जातो. चालायला लागलात की तो 30 पर्यंत उतरतो, कारण पोटरीचा स्नायू आवळला की शीर पिळली जाते, आणि झडपा असल्यामुळे रक्त वरच जातं. पोटरी हे दुसरं हृदयच आहे. तासन्तास एका जागी उभं राहणाऱ्यांच्या पायांवर निळ्या, वळणावळणाच्या शिरा दिसतात; त्यांच्या झडपा नीट मिटेनाशा झालेल्या असतात. आपल्याच जुन्या सिस्टरांचे पाय बघा.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते एका चुकीनं. मी नवीन होते. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक काका, तिसरा दिवस, खाणं जेमतेम. "सिस्टर, बाथरूमला जायचंय," म्हणाले. मी हात धरला आणि सरळ उभं केलं. दोन पावलं टाकली असतील. "अंधारी येतेय हो," एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातून निसटले. कपाळ लॉकरच्या कडेवर आपटलं. तीन टाके पडले. त्यांच्या बायकोनं मला एक शब्द लावला नाही, म्हणून तर ते जास्त लागलं.

झालं काय होतं? माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. परतीचं रक्त घटलं की ठोक्यागणिक बाहेर पडणारं रक्तही घटतं. मानेतल्या रोहिण्यांना ते जाणवतं, काही सेकंदांत ठोके वाढतात, वाहिन्या आवळतात, आणि तुम्हा-आम्हाला कळतही नाही. पण जो अंथरुणाला खिळलाय, ज्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय, जो बीपीच्या गोळ्या घेतोय किंवा ज्याचे मज्जातंतू मधुमेहानं खराब झालेत, त्याचं हे आवरणं उशिरा होतं किंवा अपुरं पडतं.

म्हणून आधी डोक्याकडची बाजू वर करा. मग पाय खाली सोडून बसवा. घोटे वर-खाली हलवायला सांगा, पोटरी कामाला लागू द्या. चेहऱ्याकडे बघा, बोलतं ठेवा. शंका असेल तर आडवं असताना बीपी घ्या, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर चालवायचं नाही. परत झोपवा आणि डॉक्टरांना कळवा.

चला, जोड्या करा. एकानं बाकावर आडवं व्हायचं, दुसऱ्यानं बीपीचा कफ, म्हणजे दंडाचा पट्टा, बांधायचा. पाच मिनिटं शांत पडू द्या, मगच पहिला आकडा घ्या.