पानावरचे किडे फोटोत कुठे जातात?

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, नमस्कार. पऱ्हाटीची पानं वळायला लागली की आपण काय करतो? मोबाईलवर फोटो काढतो, व्हॉट्सॲपवर टाकतो आणि विचारतो, "हे काय पडलं?" आणि समोरच्याला नुसता हिरवा-पिवळा डाग दिसतो.

माझे मामा आर्णी तालुक्यात कापूस घेतात. त्यांच्या मुलानं असाच एका पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो स्टेटसला ठेवला. स्टेटसचा स्क्रीनशॉट मामांच्या जावयांकडे गेला आणि त्यांनी तो मला धाडला. तोवर ग्रुपवर दोन तट पडले होते. अर्धे म्हणत तुडतुडे, अर्धे म्हणत फुलकिडे. एकानं तर औषधही सुचवून टाकलं होतं.

मी फोटो मोठा करून पाहिला. पानाच्या शिरा एकमेकींत मिसळलेल्या, कडांना चौकोनी ठिगळं. मामांना फोन लावला. म्हटलं, "मामाजी, यात किडा दिसतच नाही."

"काऊन नाही दिसत? माह्या मोबाईलात त त्याचे पाय दिसून राहिले!"

मागून मामींचा आवाज आला, "एवढं भांडण्यापरीस पान तोडून यष्टीनं धाडून द्या ना!"

मामांचं खरं होतं. ते मूळ फोटो पाहत होते आणि माझ्याकडे आला होता तो पुन्हा पुन्हा दाबलेला, म्हणजे पाठवताना बारकावे काढून हलका केलेला. मी त्यांच्या मुलाला सांगितलं, "बापू, मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव." टॉवरची एकच कांडी, त्यामुळे यायला वेळ लागला. पण आला तेव्हा सगळं स्पष्ट. उलट्या पानावर शिरांच्या कडेनं एखाद मिलिमीटरचे फिकट पिवळे किडे आणि चंदेरी चट्टे. फुलकिडे! मोजताही आले. आणि मोजणंच महत्त्वाचं असतं. तुडतुडे दर पानाला सरासरी २ ते ३ झाले की फवारणीचा विचार करायचा, फुलकिड्यांना ती मर्यादा १० आहे. त्या पानावर चार-पाचच होते. मामांना म्हटलं, "आणखी झाडं पाहा, वेगवेगळ्या ओळींतली. औषध आजच आणू नका."

औषधाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. तोंडाला दुपट्टा बांधला म्हणजे झालं, असं अजूनही चालतं. मला ते मुळीच पटत नाही. मजुराला मास्क आणि हातमोजे मालकानंच द्यावेत, औषधाच्या खर्चातच तो खर्च धरावा.

असो, फोटोकडे येतो. पुष्कळ मोबाईल ४००० बाय ३००० ठिपक्यांचा (पिक्सेलचा) फोटो काढतात. साध्या पद्धतीनं पाठवला की लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. म्हणजे सहा ठिपक्यांच्या जागी एकच उरतो. वर १९९२ पासून चालत आलेली जेपेग नावाची पद्धत आहे. ती फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. रंगाचे बारकावे तर आधी जातात, कारण आपला डोळा उजेड-अंधार जास्त नीट ओळखतो. माणसाचा चेहरा यात निभावून जातो, मिलिमीटरचा किडा जात नाही. आणि गेलेलं परत येत नाही. कापसाची गाठ सोडली की रुई पुन्हा फुगते, दाबलेला फोटो तसा फुगत नाही. स्क्रीनशॉट काढून पुन्हा पाठवला की आणखी दाबला जातो.

फोटो दाबतात म्हणूनच तो एका कांडीच्या टॉवरवरही पटकन जातो, हेही खरं. लग्नाचे, बारशाचे फोटो खुशाल तसे पाठवा. पण पीक दाखवायचं असेल तर पेपरक्लिपची खूण दाबा, डॉक्युमेंट निवडा आणि तिथून फोटो निवडा. पुन्हा सांगतो: पेपरक्लिप, डॉक्युमेंट, मग फोटो. २०२३ पासून व्हॉट्सॲपवर एचडीची, म्हणजे जास्त स्पष्ट फोटो पाठवायची सोय आहे, तिच्यानं बरं दिसतं, पण दाबणं त्यातही होतं.

मूळ फोटो मोबाईलमधून पुसू नका. गारपिटीचा, पुराचा असेल तर अजिबात नाही. मूळ फोटोत काढल्याची तारीख-वेळ असते, लोकेशन चालू असेल तर ठिकाणही. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतून ती माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की ती राहते.

आणि फोटो काढताना आधी कॅमेऱ्याची काच पुसा, पान उलटं धरा, ऊन थेट पडू देऊ नका. एक फोटो पानाचा, एक पूर्ण झाडाचा. दोन्ही डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. नमस्कार.