कानापुढचा सांधा

दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या छिद्राच्या जरा पुढे ठेवा आणि सावकाश तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं. लागलं हाताला? तो खालच्या जबड्याचा गोळा. हा सांधा नुसता बिजागरीसारखा नाही, तो फिरतो आणि सरकतोही. गोळा आणि कवटी यांच्यामध्ये एक चिवट चकती असते, ती गोळ्याबरोबर मागेपुढे जाते.

आता इथे काही जणांच्या बोटाखाली ‘कट्’ झालं असेल. चकती थोडी पुढे घसरलेली असते, तोंड उघडताना गोळा उडी मारून तिच्यावर चढतो, त्याचा तो आवाज. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर त्याला उपचार लागत नाहीत. हे आधीच सांगतो, कारण नुसत्या आवाजापायी माणसं एमआरआय करून येतात. उलट, वाजणारा सांधा अचानक वाजायचा थांबला आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, तर लगेच दाखवा. चकती पुढे अडकून बसलेली असू शकते.

दुखणं मात्र बऱ्याचदा सांध्यात नसतंच, स्नायूंत असतं. गालाचा आणि कानशिलाचा स्नायू दाबून बघा. आत्ता तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांती. काम करताना, गाडी चालवताना आपण नकळत दात आवळून धरतो आणि संध्याकाळी कानशिलं ठणकतात. झोपेत दात खाणारे वेगळेच. पोरगं दात खायला लागलं की आपल्याकडे जंताचं औषध देतात. जंत झाले असतील तर द्या, पण त्याने दात खाणं थांबेल याची आशा धरू नका.

१९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी कानदुखी, चक्कर, डोकेदुखी यांचा संबंध या सांध्याशी जोडला. दाढा गेल्या की जबडा वर-मागे सरकतो आणि कानाजवळ दाबतो, असं त्यांचं म्हणणं. ते टिकलं नाही, पण ‘चावा बिघडलाय’, म्हणजे वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत, ही कल्पना चिकटली आणि सांधेदुखीसाठी चांगले दात झिजवून जुळवण्याची पद्धत अनेक दशकं चालली. १९८० च्या दशकात अमेरिकेतच सांध्यातली चकती काढून टेफ्लॉनचं रोपण बसवायची लाट आली. चावण्याच्या दाबाने ते झिजलं, त्याच्या कणांनी भोवतालचं हाड खाल्लं, शेवटी ते मागे घ्यावं लागलं. म्हणून माझा हट्ट असा, की आधी परत फिरता येईल असाच उपचार करायचा.

काही आठवडे मऊ खाणं, ऊस-कणीस-चिक्की बंद, गरम शेक, थोडे दिवस वेदनाशामक, शिकवलेला व्यायाम, गरजेप्रमाणे रात्री दातांवर लावायची कडक प्लेट. बहुतेकांचं यावर भागतं. नाही भागलं तर सुईने सांध्यात सलाइन सोडून तो धुवून काढता येतो. मोठी शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते.

महाराष्ट्रात एक घोळ नेहमी होतो. तोंड उघडत नाही म्हणून माणूस येतो, सांध्याला हात लावावा तर तो ठीक. गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ, तिखट झोंबतं. खिशात खर्रा नाहीतर मावा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण हा सुपारीचा आजार काही गेलेला नाही. यात पुढे कर्करोगाचा धोका असतो, त्यामुळे सांध्याचे व्यायाम करत वेळ घालवू नका.

शेवटचं, लहान मुलांचं. पोर गच्चीवरून किंवा सायकलवरून हनुवटीवर पडतं. हनुवटीला टाके पडतात, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण मार हाडातून वर कानापर्यंत जातो, गोळा मोडतो आणि वरून दिसत काहीच नाही. सांध्यात रक्त साचतं, दुखतं म्हणून मूल तोंड हलवत नाही, आणि पुढच्या महिन्यांत सांधा हाडाने जुळून येऊ शकतो. मग घास आत जात नाही, दात घासता येत नाहीत, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते. तिथे शस्त्रक्रियेला पर्याय उरत नाही. म्हणून टाके घालताना दोन्ही सांध्यांचा एक्स-रे मागा, डॉक्टर सांगतील तसं तोंड हलवायला लावा, आणि पुढचे काही महिने त्याच्या तोंडात उभी तीन बोटं मावतात का ते बघत राहा. बोटं त्याची, तुमची नव्हेत.