'स' कापू नका

मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय का? ज्यांना येत नाही त्यांनी हात वर करा. एकही हात नाही. म्हणजे एक तर सगळ्यांना ऐकू येतंय, नाही तर ज्यांना येत नाही त्यांना प्रश्नही ऐकू आलेला नाही. असो.

आपण सगळेच श्रवणयंत्रवाले, त्यामुळे ऑडिओग्राम म्हणजे काय हे सांगत बसत नाही. कोणत्या उंचीचा (हर्ट्झ) सूर किती मोठा (डेसिबल) केल्यावर ऐकू येतो, हे दाखवणारा तो कागद प्रत्येकाच्या फायलीत आहे. माझा आलेख घसरगुंडीसारखा आहे. ५०० हर्ट्झला १५ डेसिबल, १००० ला २०. तिथवर पाहिलं तर कान ठणठणीत. मग २००० ला ५० आणि ४००० ला थेट ७०. अशा घसरगुंडीवाल्यांच्या यंत्राची जुळवणी हा आजचा जाहीर विषय. तो मी घेणारच आहे, पण आधी माझी कैफियत ऐका.

मी मुद्रितशोधक. आमच्याकडे काम जोडीनं चालायचं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. नजर ठेवणारा मी. एका संस्थेचा अहवाल होता. सहकारी बाई वाचत होत्या, 'समितीचे साठ सभासद'. प्रुफात 'आठ' पडलं होतं आणि मला ऐकूही 'आठ'च आलं. खूण न करता पुढे गेलो. छापून आलं, तेव्हा एका 'स'पायी बावन्न माणसं समितीतून नाहीशी झाली होती, आणि त्यातली बरीच तक्रार करायला जातीनं हजर होती. सगळे म्हणाले, यांची नजर गेली. नजरेला काहीही झालेलं नव्हतं.

झालं होतं ते असं. 'आ', 'ओ' या स्वरांचा जोर बहुतेक हजार हर्ट्झच्या आत असतो. बोलण्याला आवाज मिळतो तो त्यांच्यामुळे. 'स' चा जोर असतो चार हजारांच्या वर, आणि तो मुळातच क्षीण. बायकांचा 'स' पुरुषांपेक्षा वर, लहान मुलांचा त्याहून वर. म्हणून नातीचं बोलणं आपल्याला सगळ्यात कमी कळतं. थ, फ, ट यांचीही अवस्था थोड्याफार फरकानं हीच. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो: काना, मात्रा, वेलांट्या ठसठशीत उठल्या आहेत आणि व्यंजनांचे खिळे तेवढे झिजलेत, असं पान डोळ्यांपुढे आणा. पान भरलेलं दिसतं, वाचता येत नाही. आपण म्हणतो, 'ऐकू येतं, पण कळत नाही.' घरचे म्हणतात, 'यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.' हसू नका, तुमच्याही घरी हेच म्हणत असणार.

तर पहिलं यंत्र घेतलं. कुठून, ते विचारू नका. संगणकात माझा ऑडिओग्राम गेला, 'फर्स्ट फिट' नावाचं बटण दाबलं गेलं आणि मिनिटाभरात 'झालं!' बाहेर आलो, पिशवीतून वर्तमानपत्र काढून घडी उलगडली आणि अक्षरशः दचकलो. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज! परत गेलो. म्हटलं, कर्कश वाटतंय. समोरचा मुलगा मोठा अदबशीर. 'काही काळजी करू नका काका,' म्हणाला. माऊस हलला, वरच्या पट्टीतला आवाज तीन डेसिबल खाली. वा, किती बरं वाटलं! पुढच्या आठवड्यात घरी कुणाच्या हातून चमचा बशीत पडला, तो थेट डोक्यात वाजला. आणखी तीन डेसिबल खाली. मग तक्रार, स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. त्यानं खालची पट्टीही उतरवली. चौथ्या खेपेला मला कसलीच तक्रार उरली नव्हती. 'आता छान वाटतंय ना काका?' 'उत्तम!' वाटणारच की. यंत्रानं करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. ज्या 'स'साठी यंत्र घेतलं, तो आम्ही दोघांनी मिळून हसतखेळत कापला. वाचकाला खटकलेला एकेक शब्द काढत गेलं तर प्रूफ निर्दोष होतं खरं, पण कोरं. पुढची दोन वर्षं यंत्र खणात.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत सांगतो: तक्रार खरी होती, उपाय चुकला. बशीत पडलेला चमचा आणि नातीचा 'स' साधारण एकाच पट्टीत येतात, पण चमचा दणदणीत असतो आणि 'स' दबका. आजच्या डिजिटल यंत्रांत हळू, मध्यम आणि मोठ्या आवाजाला किती उचल द्यायची, हे वेगवेगळं ठरवता येतं. कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. आपल्यासारख्यांना त्याची गरजही असते, कारण आपल्या कानाला ऐकू येऊ लागणं आणि सोसेनासं होणं यांच्यातलं अंतर आक्रसलेलं असतं. चमचा टोचतो ना? मग मोठ्या आवाजाची उचल कमी करा, कमाल मर्यादा खाली आणा. दबक्या आवाजाची उचल जागच्या जागी राहू द्या. माझ्या वेळी तिन्ही एकाच झटक्यात खाली ओढली गेली.

रांजणाचंही तसंच. घरी गेल्यावर करून पाहा: यंत्र कानातच ठेवा, बंद करा आणि 'ई' म्हणा. तरीही आवाज घुमला, तर दोष सेटिंगचा नाही, बुचाचा आहे. आपला आवाज हाडांतून कानाच्या नळीत उतरतो आणि तोंडाशी बूच असल्यामुळे आतच कोंडतो. त्याला वाट द्यायला हवी. मोल्डचा, म्हणजे कानाच्या मापानं घडवलेल्या बुचाचा, व्हेंट (आरपार भोक) मोठा करा किंवा भोकांचा, उघडा डोम, म्हणजे मऊ टोपी, लावा. आपले खालचे सूर शाबूत आहेत, ते आपसूक आत येतील, यंत्रानं वरच्या पट्टीपुरतं काम करावं. मात्र उघड्या कानातून वाढवलेला आवाज बाहेर गळतो आणि शिट्टी वाजू लागते. यंत्रातली फीडबॅक रोखणारी सोय ती काही प्रमाणात दाबते, म्हणून हा तोल बघून साधावा लागतो.

आणि धीर! कित्येक वर्षं न ऐकलेला 'स' पहिले काही आठवडे खुपणारच. मेंदूला तो शेजारी नवा आहे. त्यासाठी सुरुवात थोडी खालून करून आठवड्या-आठवड्यानं उचल वाढवता येते. बऱ्याच यंत्रांत ही सोय आपोआप चालणारी असते. पण 'हळूहळू वाढवू' आणि 'कायमचं काढून टाकू' यांत...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरे, मुख्य विषय तर आता सुरू होतोय. भरभर घेतो, क्षमा करा.

मोजणी. फर्स्ट फिट सरासरी कानाचा हिशेब धरतं. तुमची नळी लांब की आखूड, रुंद की अरुंद, हे त्याला माहीत नसतं. प्रत्येक नळीचा स्वतःचा घुमारा असतो, मोठ्या माणसात साधारण २७०० हर्ट्झच्या आसपास. म्हणून 'रिअल इअर मेजरमेंट' मागा. यंत्राशेजारून एक बारीक मऊ नळी कानात सरकवतात, टोक कानाच्या पडद्यापासून सुमारे ५ मिलिमीटरवर येईपर्यंत. मग हळू, नेहमीचा आणि मोठा असा बोलण्याचा आवाज वाजवून पडद्यापाशी किती पोचलं ते बघतात. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा दिसतात: पोचलेली आणि पोचायला हवी ती, म्हणजे लक्ष्य. दुसरी रेघ सूत्रावरून येते. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं एनएएल-एनएल२ हे एक, कॅनडाच्या वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातलं डीएसएल हे दुसरं. फर्स्ट फिट वरच्या पट्टीत लक्ष्याच्या खाली राहतं, हा अनुभव सर्रास येतो. माझं ४००० ला १२ डेसिबल कमी निघालं. ती नळी कानात जाईपर्यंत हे कुणालाही, मलासुद्धा, कळलं नव्हतं.

दुसरं. काहींच्या कानात वरच्या सुरांच्या भागातल्या आतल्या केसपेशी पुरत्या गेलेल्या असतात. त्याला मृत क्षेत्र म्हणतात. तिथे आवाज ओतला तर अर्थ लागत नाही, खरखर मात्र वाढते. केंब्रिजच्या ब्रायन मूर यांच्या टेन चाचणीनं ते क्षेत्र शोधता येतं. तिथे उचल वाढवत बसण्यात अर्थ नाही. मग पर्याय असतो वरचे सूर दाबून किंवा सरकवून खाली आणण्याचा. पण ही सोय डोळे झाकून सुरू करू नका. आधी साधी उचल पुरते का ते पाहा, आणि लागेल तेवढीच ठेवा. प्रमाणाबाहेर गेली की 'स' आणि 'श' एकसारखे होतात. मुद्रितशोधकाला हे कसं चालेल?

तिसरं, यंत्राचा आवाज अचानक बसला तर सेटिंगला हात लावू देण्याआधी मळाची जाळी बदला. माझ्या दोन तक्रारी तिथेच मिटल्या. आणि जुळवणीला जाताना घरातलं मूल बरोबर न्या, त्याला साठ, आठ, पाठ, गाठ असं तोंड झाकून म्हणायला लावा, नाही तर आपण ओठ वाचून पास होतो.

अध्यक्ष उभे राहिलेत. 'संपवा' म्हणालात ना? 'स'सकट ऐकू आलं.