गाडीतील स्पीकर : जागा, रोख आणि कान

(दृश्य : बंद गाडीचा अंतर्भाग. कॅमेरा चालकाच्या कानाच्या उंचीवर.)

गाडीत गाणे ऐकणाऱ्याची मूळ अडचण अशी, की तो मध्यभागी बसलेला नसतो. स्टिरिओ ध्वनीची सगळी मांडणी मात्र तो मध्यभागी आहे असे धरून केलेली असते. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये द्विमार्गी ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज स्टुडिओत किंवा घरात स्पीकर मांडताना दोन स्पीकर आणि श्रोता ही समभुज त्रिकोणाची तीन टोके असावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. अशा मांडणीत दोन्ही बाजूंनी सारखाच वाजणारा गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही अशा ठिकाणाहून येत असल्याचा भास होतो. गाडीत हा त्रिकोण पार वाकडा होतो. एक स्पीकर गुडघ्याला टेकलेला, दुसरा पलीकडच्या दारात, ट्वीटर (उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) काचेच्या कोपऱ्यात आणि श्रोता एका बाजूला, अशी तिथली स्थिती असते.

ही विषमता नेमकी किती असते, ते आकड्यांत पाहू. चालकाच्या डोक्यापासून जवळच्या दारातला स्पीकर ८५ सेंटीमीटरवर आणि पलीकडच्या दारातला १३५ सेंटीमीटरवर आहे असे धरू. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर अंतर कापतो. त्यामुळे ५० सेंटीमीटरच्या फरकापोटी पलीकडचा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हा वेळ क्षुल्लक वाटेल, पण अगदी कडेने आलेला आवाजही आपल्या एका कानानंतर दुसऱ्या कानाला सुमारे ०.६५ मिलिसेकंदातच पोहोचतो, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू तो पूर्णपणे एका बाजूचा ठरवतो. इथे तर त्याच्या दुपटीहून अधिक उशीर आहे. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात या विषयाचा तपशीलवार अभ्यास केला होता. एकच आवाज थोड्या अंतराने दोनदा कानावर आला, तर दिशा ठरते ती आधी आलेल्या आवाजावरून. त्यामुळे चालकाला संपूर्ण गाणे आपल्याच बाजूच्या दारातून येत असल्यासारखे वाटते.

यावर बहुतेक जण बॅलन्सचे बटण फिरवतात. अंतराच्या फरकामुळे पलीकडचा स्पीकर सुमारे ४ डेसिबलने मंद ऐकू येत असतो आणि तेवढी भरपाई त्या बटणाने होते, पण उशीर जसाच्या तसा राहतो. शिवाय दोन मार्गांत अर्धा मीटर फरक असताना ज्या स्वराची तरंगलांबी एक मीटर आहे, त्याच्या लहरी डोक्याच्या ठिकाणी परस्परविरुद्ध अवस्थेत येऊन एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. हा स्वर ३४३ हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे ऐन मानवी आवाजाच्या पट्ट्यातला. मधल्या गायकाचा आवाज गाडीत पोकळ का वाटतो, त्याचे एक उत्तर इथे आहे.

अलीकडच्या अनेक ध्वनियंत्रणांत डीएसपी, म्हणजे ध्वनीवर आकडेमोडीने प्रक्रिया करणारी चिप असते आणि ती जवळच्या स्पीकरला हवा तेवढा उशीर लावून देते. मग स्पीकर कुठेही बसवले तरी चालतील, असा समज पसरला आहे, तो खोटा आहे. दोन स्पीकरांमधला वेळेचा फरक डीएसपीने मिटतो, हे खरे. परंतु एखाद्या स्पीकरचा थेट आवाज आणि त्याच स्पीकरचा काचेवरून परतलेला आवाज यांच्यातला फरक त्याने मिटत नाही, कारण दोन्ही आवाज एकाच तारेतून गेलेल्या विजेतून जन्मलेले असतात आणि एकाला लावलेला उशीर दुसऱ्यालाही लागतो. गाडीच्या आत काचेचे, प्लॅस्टिकचे आणि पत्र्याचे इतके पृष्ठभाग हाताच्या अंतरावर असतात, की खरी झुंज द्यावी लागते ती या परावर्तनाशी.

(दृश्य : डॅशबोर्डचा कोपरा, पुढची काच, आणि काचेत दिसणारे ट्वीटरचे प्रतिबिंब.)

पडद्यावर ट्वीटरचे काचेतले प्रतिबिंब दिसते आहे. कानाच्या दृष्टीने ते केवळ दृश्य प्रतिबिंब नाही, तो दुसरा ट्वीटर आहे. थेट मार्ग आणि काचेवरून येणारा मार्ग यांत ३ सेंटीमीटरचा फरक असेल, तर ५७०० हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो, म्हणजे तिथले स्वर बरेच मंद होतात. या पट्ट्यात व्यंजनांची स्पष्टता आणि झांजेची धार असते. इक्वलायझरवर (वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणारी सोय) तो पट्टा वर ढकलून हा खळगा भरत नाही, कारण थेट आवाज जितका वाढतो, तितकेच त्याचे प्रतिबिंबही वाढते आणि दोघे पुन्हा एकमेकांना मारतात. ॲम्प्लिफायरवर ताण मात्र वाढतो. उपाय भूमितीचा आहे. ट्वीटर काचेच्या इतका जवळ सरकवावा की मार्गांतला फरक एका सेंटीमीटरहून कमी होईल आणि खळगा १७ हजार हर्ट्झच्या पलीकडे, बहुतेक प्रौढ कानांच्या टप्प्याबाहेर जाईल. ते शक्य नसेल, तर तो काचेपासून दूर, आरशामागच्या त्रिकोणी पट्टीवर किंवा पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर घेऊन त्याचे तोंड काचेपासून वळवावे. सर्वांत वाईट जागा म्हणजे डॅशबोर्डच्या मधल्या भागात आकाशाकडे तोंड करून बसवलेला ट्वीटर. तो वाजतो काचेवर आणि आपल्याला ऐकू येते ते काचेने परत केलेले. कारखान्यातून अनेक गाड्या अशाच येतात. तिथे जागा वाचते आणि जाळी नीटस दिसते, हे मान्य करावे लागेल.

जागेनंतर प्रश्न येतो रोखाचा, म्हणजे स्पीकरचे तोंड कुठे वळवायचे याचा. कोणताही स्पीकर सर्व स्वर सर्व दिशांना सारखे फेकत नाही. स्वराची तरंगलांबी स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या व्यासापेक्षा बरीच मोठी असते तोवर आवाज चहूकडे पसरतो, आणि ती व्यासाच्या जवळपास आली की बॅटरीच्या झोतासारखा अरुंद होत जातो. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचा व्यास सुमारे १३ सेंटीमीटर असतो. त्यामुळे अडीच हजार हर्ट्झच्या पुढे त्याचा झोत समोरच्या सीटच्या पायाकडे जातो आणि चालकाच्या कानापर्यंत उरलेसुरलेच पोहोचते. २५ मिलिमीटरच्या ट्वीटरची हीच स्थिती १३ हजार हर्ट्झच्या आसपास येते, तरी त्याच्या कितीतरी आधीपासून कडेचा आवाज हळूहळू गळू लागतो. दारातला स्पीकर सहसा हवा तसा वळवता येत नाही. तिरप्या कड्यांवर बसवून काही अंश वर करता येतो, तेवढेच. त्यामुळे रोख साधायचा तो मुख्यतः ट्वीटरचा.

इथे एक युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते. स्वाभाविक प्रवृत्ती अशी, की दोन्ही ट्वीटर आपल्या चेहऱ्याकडे वळवावेत. तसे केल्यास जवळचा ट्वीटर, जो आधीच जवळ आणि आधीच मोठा आहे, तो आणखी तीव्र होतो. त्याऐवजी जवळच्या ट्वीटरचा रोख पलीकडच्या सीटच्या हेडरेस्टकडे आणि पलीकडच्याचा रोख आपल्या हेडरेस्टकडे ठेवावा. मग दूरचा ट्वीटर आपल्याला समोरून ऐकू येतो आणि जवळचा तिरका, म्हणून थोडा मवाळ. अंतरामुळे झालेला अन्याय कोनामुळे काही प्रमाणात भरून निघतो. विशेष म्हणजे शेजारी बसलेल्यालाही तोच लाभ मिळतो, कारण त्याच्या बाजूने पाहिल्यास मांडणी आरशातल्यासारखी तीच आहे. या युक्तीची किंमतही आहे. दोन्ही बाजूंच्या अतिउच्च स्वरांची चव किंचित वेगळी होते आणि ती इक्वलायझरवर प्रत्येक बाजूला स्वतंत्रपणे जुळवावी लागते.

(दृश्य : जवळून. ट्वीटरच्या मध्यापासून हेडरेस्टपर्यंत ताणलेला पांढरा दोरा.)

रोख डोळ्यांनी ठरवू नये, कारण खांबाचा तिरकेपणा नजरेला फसवतो. ट्वीटरच्या कडेला एक सरळ काडी चिकटवून तिच्या रेषेत दोरा ताणला, की तो कुठे जातो ते स्पष्ट दिसते. खांबाला किंवा डॅशबोर्डला भोक पाडण्याआधी ट्वीटर मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीच्या गोळ्यावर बसवावा. तो घट्ट राहतो, हवा तसा वळतो आणि खूण न ठेवता निघतो. मग एकाच व्यक्तीचे, मोनोमधले (दोन्ही बाजूंना सारखेच वाजणारे), संगीत नसलेले बोलणे लावावे आणि एका वेळी एकच ट्वीटर थोडाथोडा फिरवावा. ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांवर लक्ष ठेवावे. रोख थेट कानावर आला की ‘स’ शिट्टीसारखा टोचतो, फार दूर गेला की ‘स’ आणि ‘श’ एकमेकांत मिसळतात, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अशी जागा लागते की अक्षर स्पष्ट असते पण ते कुठल्या डबीतून येते ते जाणवत नाही. दोन्ही ट्वीटर लावल्यावर डोळे मिटून बोट दाखवावे. बोट डॅशबोर्डच्या मध्याकडे गेले तर रोख जुळला. ते खांबाकडे गेले तर आणखी काही अंश वळवायला हवेत. हे काम शांतपणे, गाडी बंद ठेवून, काचा वर करून आणि सीट नेहमीच्या जागी ठेवून करावे.

ट्वीटर आणि दारातला स्पीकर यांच्यात अंतर किती असावे, हा वादाचा विषय आहे. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या स्वरापासून वरचे काम ट्वीटरकडे आणि खालचे दारातल्या स्पीकरकडे जाते ती सीमा, ३ हजार हर्ट्झवर असेल तर तिथली तरंगलांबी जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर असते. त्यामुळे एक स्पीकर पायाशी आणि दुसरा कानाशी असला की त्या पट्ट्यात दोघांचे जुळणे कठीण होते आणि गायकाचा गळा एकीकडे, ओठ दुसरीकडे असे चमत्कारिक चित्र उभे राहते. दोघांना जवळ आणावे तर आवाज गुडघ्याशी उतरतो. ट्वीटर वर ठेवावा तर सांधा दिसतो. उंचीचा भास मुख्यतः वरच्या स्वरांवरून होत असल्यामुळे मी ट्वीटर वर ठेवण्याच्या बाजूने आहे, मात्र ट्वीटरला झेपत असेल तितका क्रॉसओव्हर खाली आणावा. ज्यांना मधल्या स्वरांसाठी स्वतंत्र छोटा स्पीकर खांबावर बसवणे शक्य आहे, त्यांचा हा प्रश्न बराचसा सुटतो.

पायाजवळच्या कोपऱ्यात, पेडलांच्या बाजूच्या भिंतीत स्पीकर बसवण्याची एक जुनी पद्धत आहे. तिथून जवळचा स्पीकर साधारण १०५ आणि दूरचा १३० सेंटीमीटरवर येतो. म्हणजे अर्ध्या मीटरचा फरक पाव मीटरवर आणि दीड मिलिसेकंद पाऊण मिलिसेकंदावर येतो, तोही कुठल्याही इलेक्ट्रॉनिक मदतीशिवाय. ध्वनीच्या दृष्टीने ही जागा उत्तम. परंतु चालकाच्या पायाला आणि पेडलांच्या हालचालीला तसूभरही अडथळा होत असेल, तर तिचा विचार सोडून द्यावा.

दारांबाबत थोडक्यात सांगायचे तर, तिथे रोखापेक्षा बंदिस्तपणा महत्त्वाचा. स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटला की खालचे स्वर नाहीसे होतात. म्हणून आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करावीत, स्पीकर भक्कम कड्यावर बसवावा आणि तो व दाराची जाळी यांच्यामध्ये फोमची पट्टी लावावी. दाराच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोके मात्र कधीही बुजवू नयेत. काच पूर्ण खाली घेऊन ती स्पीकरच्या मागच्या चुंबकाला घासत नाही ना, हेही आधीच पाहावे.

सुरक्षेचा मुद्दा इथेच सांगणे योग्य. अनेक गाड्यांत पुढच्या खांबाच्या आवरणामागून पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग किंवा तिचा काही भाग जातो. तिथे ट्वीटरचा कप्पा, तार किंवा स्क्रू आला तर अपघाताच्या क्षणी तोच चेहऱ्याकडे फेकला जाऊ शकतो. काही गाड्यांच्या दारांत धडक ओळखण्यासाठी हवेचा दाब मोजणारे सेन्सर असतात, आणि दाराच्या पोकळीतल्या भोकांशी केलेली ढवळाढवळ त्यांच्या मोजमापात फरक पाडू शकते. गाडीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय पक्कडही हातात घेऊ नये.

सबवूफरला, म्हणजे फक्त खर्जाचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला, रोख असा नसतोच. ८० हर्ट्झची तरंगलांबी सव्वाचार मीटरहून अधिक असते आणि इतक्या खालच्या स्वरांची दिशा छोट्या बंद जागेत कानाला फारशी कळत नाही. तरीही डिकीतला सबवूफर मागून ऐकू येत असेल, तर दोष बहुधा थरथरणाऱ्या नंबरप्लेटचा, सैल आवरणाचा किंवा फार वर ठेवलेल्या क्रॉसओव्हरचा असतो. मागच्या दारांतले स्पीकर पुढच्या प्रवाशांसाठी अगदी मंद ठेवावेत, नाहीतर एवढ्या खटाटोपाने समोर उभा केलेला गायक पाठीमागे सरकतो.

एवढे झाल्यावर मग डीएसपीत उशीर भरावा. प्रत्येक स्पीकरचे अंतर हेडरेस्टपासून टेपने मोजावे, सर्वांत दूरच्या स्पीकरला शून्य द्यावे आणि इतरांना ते त्याच्यापेक्षा जितके सेंटीमीटर जवळ आहेत तितक्या सेंटीमीटरचा उशीर द्यावा. ही मांडणी केवळ एका सीटसाठी असते, हे ध्यानात ठेवावे. चालकाजवळचा स्पीकर दीड मिलिसेकंद उशिरा वाजवला, की शेजारच्या प्रवाशाकडे तोच स्पीकर, जो त्याच्यासाठी आधीच दीड मिलिसेकंद मागे होता, आता तीन मिलिसेकंद मागे पडतो आणि त्याचे गाणे आणखीच एका बाजूला झुकते. म्हणून डीएसपीत दोन प्रीसेट, म्हणजे आधीच साठवलेल्या दोन मांडण्या, ठेवावेत. एकट्याने गाडी चालवतानाचा उशीर भरलेला, आणि शेजारी कोणी असताना उशीर काढून टाकलेला, ज्यात सगळी भिस्त ट्वीटरच्या उलटसुलट रोखावर असते.