मुठीतल्या अक्षता

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर बोलण्यात एक सोय आहे. मी आज दाढी केलेली नाही, सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय, आणि तुम्हाला त्यातलं काही दिसत नाही. काचेपलीकडं बसलेल्या ध्वनिमुद्रणवाल्या गृहस्थांना दिसतंय, पण त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडं नाही, आवाज फाटतोय का याकडं आहे.

इकडं येताना आमच्या सोलापुरातल्या सात रस्त्यापासून वाढदिवसाचे डिजिटल फलक मोजत आलो. अकरा भरले. एका फलकावर शुभेच्छुकांचे चेहरे इतके, की वाढदिवस नेमका कुणाचा हे चौकात थांबून शोधावं लागलं. शेवटी सापडला. गॉगल लावलेलं एक बाळ होतं, वय वर्षं एक. पण फलकांवर माझा फारसा राग नाही. वाऱ्यापावसानंतर ते कुणाच्या तरी कडब्यावर झाकायला तरी जातात. मोबाइलमधले फोटो तेवढ्याही कामाचे नाहीत.

जानेवारीत माझी नात पुण्याहून गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला आली होती. अक्षता सोहळा लहानपणापासून बघायचा राहिला होता तिचा. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, अशी कथा आहे, आणि तो विवाह दर संक्रांतीच्या सणात आम्ही पुन्हा लावतो. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या येतात, सम्मती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं वाचली जातात, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' असा गजर होतो आणि चहूकडून अक्षता पडतात. नात माझ्या शेजारीच उभी होती. उजव्या हातात मोबाइल, डाव्या मुठीत अक्षता. सोहळा संपला. व्हिडिओ झकास आला होता, आणि मूठ तशीच मिटलेली होती.

मी तिला काही बोललो नाही. आजूबाजूला निम्म्या मुठी तशाच होत्या, त्यात माझ्या वयाचेही होते.

ज्यांच्या नावानं ही गर्दी जमते, त्या सिद्धरामेश्वरांचीच एक गोष्ट मला अशा वेळी आठवते. बारावं शतक. गावाचं नाव तेव्हा सोन्नलगी. सिद्धरामांनी अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, तळं खणायला घेतलं, आणि माणसं आपणहून घमेली उचलायला आली. आज देवळाभोवती आपण जे पाणी बघतो, ते त्याच तळ्याचं. एके दिवशी अल्लमप्रभू तिथं आले. संत खरे, पण जिभेला हाड नाही. काम करणाऱ्यांना त्यांनी विचारलं, तुमचा तो माती खणणारा सिद्धराम कुठं आहे? लोक खवळले, दगड मारायला लागले. सांगतात, की एकही दगड त्यांना लागला नाही, नुसता ढीग झाला. मग सिद्धराम स्वतः रागानं धावून आले. पुढं दोघांत जे बोलणं झालं, त्याचा मथितार्थ असा सांगतात, की तळं खणलंस ते चांगलंच केलंस, पण 'मी खणलं' हे अजून वर पडलंय, ते कुठं पुरशील? सिद्धरामांना ते पटलं. ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, बसवण्णांकडं गेले.

या गोष्टीत मला आवडतं ते हे, की टोमणा कुठल्या रिकाम्या बढाईखोराला मारलेला नाही. ज्याच्याकडं दाखवण्यासारखं अख्खं तळं होतं, त्याला मारलाय. आणि गोष्ट जपली कुणी? त्यांच्याच भक्तांनी. आपला देवमाणूस एकदा रागावला होता, चुकला होता, हे त्यांनी झाकलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर तो फोटो त्यांनी डिलीट केला नाही.

आता 'मी खणलं' याची मोजदाद होते. फेसबुकनं लाइकचं बटण २००९ साली आणलं, आणि शाबासकीला आकडा चिकटला. पुढं इन्स्टाग्रामलाही तो आकडा जड झाला असावा. २०१९ साली त्यांनी काही देशांत लाइकचे आकडे झाकून पाहिले, आणि २०२१ साली ज्याला हवं त्यानं ते झाकावेत अशी मुभा दिली. मी नातीला विचारलं, तू झाकलेस का? ती म्हणाली, "आजोबा, मग कळणार कसं?" काय कळणार, ते मी विचारलं नाही.

पण गप्प राहण्याचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते. चाळीस वर्षं मी चादरीच्या नक्षीसाठी जकार्डचे पत्ते, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे, पंच करायचो. मोर, कमळ, वेलबुट्टी, सगळं भोकाभोकांतून. सोलापुरी चादर सगळीकडं जाते, तिच्यावर छाप असते ती कारखान्याची. नक्षी पाडणाऱ्याचं किंवा मागावर उभं राहणाऱ्याचं नाव नसतं. याला मी नम्रता म्हणणार नाही. दिवसभर विड्या वळून कमी मजुरी घेणाऱ्या बाईच्या गप्प बसण्यालाही नाही. पंढरपूरला चोखोबांची समाधी देवळाच्या दाराबाहेर आहे, ती काही त्यांनी हौसेनं बाहेर मागून घेतलेली नाही. ज्याला कधी बोलूच दिलं नाही, त्याला शांततेचं महत्त्व सांगणं हा चावटपणा झाला. आमच्या गल्लीतली एक बाई शेंगा चटणीचे रील टाकते आणि त्यावर तिच्या मुलाची फी निघते. तिनं खुशाल टाकावेत.

मीही काही साधू नव्हे. एकदा पाहुण्यांकडं मुक्कामाला गेलो, तर अंथरुणावर मी काढलेल्या मोराचीच चादर. राहवेना. म्हटलं, "ही नक्षी माझ्या हातची." ते "हो का" म्हणाले आणि चहाचा कप पुढं केला. बरेच दिवस तो 'हो का' मला टोचत होता. पत्ते पंच करताना मात्र असं काही मनात यायचं नाही. एक भोक चुकलं की सगळ्या चादरींवर मोराचा डोळा फुटणार, तिथं स्वतःकडं बघायला फुरसत कुणाला?

नंदीध्वज पेलणाऱ्याचंही तेच. घरावरून उंच काठी, दोन्ही हात तिच्यात गुंतलेले, अंगात सगळ्यांसारखीच पांढरी बाराबंदी. ही काठी पेलायचा सराव यात्रेच्या कितीतरी आधीपासून चालतो. हजारो मोबाइल त्याच्याकडं रोखलेले असतात. त्या अख्ख्या गर्दीत ज्याला सेल्फी घेता येत नाही, असा तो एकटाच.

नात पुण्याला परत गेली. चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला.

"आजोबा, जॅकेटच्या खिशात अक्षता सापडल्या. काय करू?"

म्हटलं, "टाक की गच्चीत, चिमण्या खातील."

"आधी फोटो पाठवू?"

"पाठव," म्हटलं.

फोटो आला. तळहातावर सात-आठ दाणे. अजून मोबाइलमध्ये आहे.

नमस्कार.