गच्चीवर तापतं, बाथरूममध्ये पोचत नाही
(पुण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभासदांपुढे सोलर वॉटर हीटरच्या देखभालीवर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

डिसेंबर लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार ठरलेली: सोलरला गरम पाणी येत नाही. कमिटी माणूस बोलावते, तो गच्चीवर जाऊन ‘नळ्या गेल्या’ (म्हणजे सोलरच्या पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या) असं सांगतो, नळ्या बदलल्या जातात आणि तक्रार जागच्या जागी राहते. कारण बिघाड बहुतेक वेळा नळ्यांत नसतोच, तो गच्ची आणि बाथरूम यांच्या मधल्या प्लंबिंगमध्ये असतो. म्हणून आधी मोजा, खर्चाचं नंतर बघू.

त्यासाठी साधा थर्मामीटर पुरतो. चांगलं ऊन पडलेल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास सोलर टाकीच्या आउटलेटचं पाणी मोजा. ५५ ते ६० अंश किंवा जास्त असेल, तर नळ्या आणि टाकी ठीक आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी नळ सोडायच्या आत, पुन्हा मोजा. रात्रीत पाच-सात अंश उतरणं चालतं. पंधरा-वीस उतरले, तर एक तर टाकीचं इन्सुलेशन ओलं झालंय, नाहीतर कुठूनतरी थंड पाणी आत शिरतंय.

या शिरणाऱ्या थंड पाण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण उंच इमारतींत खरी गोम इथेच असते. वरच्या मजल्यांना थंड पाणी प्रेशर पंपातून येतं आणि सोलरचं नुसतं उतारानं. म्हणजे थंड लाइनीत दाब जास्त, गरम लाइनीत कमी. आता एखाद्या फ्लॅटमध्ये मिक्सरचे, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचे, दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढे हँडशॉवरचं बटण तेवढं बंद केलेलं असतं. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, मग थंड पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनीत घुसतं आणि पार टाकीपर्यंत चढतं. एक मिक्सर अख्ख्या विंगचं पाणी कोमट करतो आणि त्या घरातल्यांना त्याचा पत्ताही नसतो. मिक्सरवरून घेतलेला हेल्थ फॉसेट (संडासातला हातातला फवारा) आणि गीझरला वळसा घालणारा, व्हॉल्व्ह नसलेला बायपास पाइप, हे आणखी दोन नेहमीचे गुन्हेगार.

शोधायचं कसं? गच्चीवर त्या विंगच्या सगळ्या सोलर टाक्यांचे थंड पाण्याचे इनलेट कॉक बंद करा. सगळ्यात खालच्या मजल्यावर गरम पाण्याचा नळ सोडा. उभ्या पायपात उरलेलं पाणी निघून जाईल आणि धार थांबायला हवी. थांबली नाही, तर ते पाणी थंड लाइनीतून येतंय. मग डक्टमधले फ्लॅटवार गरम पाण्याचे कॉक एकेक करून बंद करत जा. ज्या कॉकला धार तुटेल किंवा बारीक होईल, तो फ्लॅट. गुन्हेगार एकाहून जास्त असू शकतात, तेव्हा पहिला सापडल्यावर चाचणी सोडू नका.

उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटच्या गरम फाट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. वरच्या मजल्यांवर गरम पाण्याचा दाब आधीच जेमतेम असतो, म्हणून तिथे स्प्रिंगवाला नको, फ्लॅपवाला घ्या. तो आडव्या पायपात, बाण पाण्याच्या दिशेला ठेवून बसवायचा. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह ही दंतकथा नाही. टाकीच्या थंड इनलेटवरचा व्हॉल्व्हही तपासा. तो अडकून उघडा राहिला की गरम पाणी उलटं थंड टाकीकडे जातं.

दुसरी तक्रार, ‘दहा मिनिटं नळ सोडला तेव्हा गरम आलं.’ एक इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिकच्या) पायपात मीटरला साधारण ०.४ लिटर पाणी मावतं. अकरा मजल्यांचा ३३ मीटरचा पाइप म्हणजे तेरा-चौदा लिटर, शिवाय गच्चीवरचा आडवा पाइप वेगळा. रात्रभर थंड झालेलं ते पाणी खालचा सभासद पहाटे मोरीत सोडतो. इथे रिटर्न लाइन लागते: उभ्या पायपाच्या तळापासून परत टाकीपर्यंत पाऊण इंची पाइप, छोटा पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि पाइप ४० अंशांखाली गेला तरच पंप चालवणारा थर्मोस्टॅट. टायमर सकाळी साडेपाच ते साडेआठ. दिवसभर फिरवाल, तर टाकीतली उष्णता डक्टमध्ये सांडेल. पायपांवर उष्णता धरून ठेवणारं नायट्राइल फोमचं वेष्टन हवंच. गच्चीवर ते उन्हानं भुसभुशीत होतं, म्हणून वरून ॲल्युमिनियमचा पत्रा.

गच्चीवरच पाणी तापत नसेल, तर आधी सावली बघा. पुण्यात डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. एक मीटर उंच कठड्याची सावली तेव्हा ९० सेंटिमीटर पडते, सकाळ-संध्याकाळ कितीतरी लांब. मे महिन्यात पाहणी करून बसवलेला सोलर हिवाळ्यात लिफ्टरूमच्या सावलीत जातो तो असा. मग नळ्यांची खालची टोकं पाहा. चांगल्या नळीचं टोक आरशासारखं चंदेरी असतं. नळीच्या काचेच्या दोन थरांमधला व्हॅक्यूम (निर्वात पोकळी) गेला की ते दुधी पांढरं पडतं. तेवढ्याच नळ्या बदला.

नळ्या फुटतात त्या बऱ्याचदा पाणीकपातीत. गुरुवारी पाणी बंद, टाकी रिकामी, कोरड्या नळ्या उन्हात दोनशे अंशांपर्यंत तापलेल्या, आणि भर दुपारी पाणी सोडलं की काच तडकते. एक नळी फुटली तरी सगळी टाकी तिथून वाहून जाते. सोलर रिकामा झालाच, तर पाणी सूर्य उगवायच्या आत भरा, वॉचमनला तसं लिहून द्या. दिवसा भरावंच लागलं, तर नळ्या ताडपत्रीनं झाकून दोन-तीन तास थांबा. नवी नळी बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा, तेल नको.

वाघोली, उंड्रीकडे बोअर आणि टँकरच्या पाण्याचा क्षार हा वेगळा त्रास. नळ्यांच्या तळाशी पांढरा गाळ साचतो, फ्लॅट प्लेट, म्हणजे सपाट पेटीच्या सोलरमधल्या तांब्याच्या नळ्या तर चोंदतात. साफसफाईला पाच ते दहा टक्के सल्फॅमिक ॲसिडचं द्रावण वापरा. फरशी धुवायचं ॲसिड स्टेनलेस स्टीलच्या टाकीला भोकं पाडतं. टाकीतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड दांडा वर्षातून एकदा काढून बघा, तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो, तार उरली की बदला. टाकीत हवा ये-जा करू देणारा व्हेंट पाइप मात्र कधीही बंद करू नका. टाकी रिकामी होताना हवा आत गेली नाही, तर पत्रा आत चेपतो.

आता अपग्रेड. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण चार युनिट लागतात. टाकीतला विजेचा हीटर रात्रभर चालू ठेवला, तर सकाळी सूर्याला तापवायला थंड पाणीच उरत नाही आणि बिल वाढतं. हीटर लावायचाच, तर टायमरवर, पहाटे चार ते सहा. त्याहून बरं म्हणजे बाथरूममधला गीझर सोलरच्या लाइनीवर घेणं. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला तीन लिटर धारेला चौदा अंश चढवतो, म्हणजे २८ अंशांचं कोमट पाणी ४२ वर जातं. मात्र गीझरला गरम पाणी आत घेणं चालतं का, हे आधी कंपनीला विचारा.

मोठ्या विंगला हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, परवडतो. विजेच्या एका युनिटमागे तीन युनिटांची उष्णता धरली, तर तेच १०० लिटर सव्वा ते दीड युनिटात होतात. तो गच्चीवर मोकळ्या हवेत, रबरी पॅडवर बसवा, आणि खाली कुणाची बेडरूम येत नाही ना, हे आधी बघा. पहाटे चारला त्याचा पंखा घुमायला लागला, की पुढची तक्रार पाण्याची नसते.